हेल्थकेअर कम्युनिकेशनच्या इंटरनॅशनल कॉन्फरन्सला जायचंय? बडोद्याच्या आपल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी बडोद्यात एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. २०१८ साली याच कॉन्फरन्सला पोर्तुगालमधल्या पोर्तो गावी पोस्टर (म्हणजे आपलं काम एका मोठ्या तक्त्यावर मांडून) घेऊन गेले होते आणि तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, ताई कसं गेलात, किती खर्च आला, आम्हाला जमेल का. दांडिया बाजारात भाजी घेताना विचारतात, गणपतीच्या आरतीनंतर एका हातात प्रसाद घेऊन विचारतात. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकते. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवलं तसं.

ही कॉन्फरन्स नक्की कसली? कम्युनिकेशन म्हणजे मोबाइल-नेटवर्कवालं का?

हसू नका, आमच्या अकाउंट्सच्या माणसाने रजेच्या अर्जावर खरंच हे विचारलं होतं. तर नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट पेशंटशी काय बोलतात, कसं बोलतात, पेशंटचं ऐकतात का, ड्युटी बदलताना एकमेकांना काय सांगतात आणि काय सांगायचं राहून जातं, याचा अभ्यास करणाऱ्या लोकांचा हा मेळावा. नाव इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन कम्युनिकेशन इन हेल्थकेअर, सगळे आयसीसीएच म्हणतात. भरवते ती ईच नावाची संस्था. आधी ती युरोपियन असोसिएशन होती, मग जगभरातले लोक यायला लागले तसं नावात इंटरनॅशनल आलं, पण 'ईच' हे जुनं नाव काही सुटलं नाही, आपल्याकडे बडोद्याचं वडोदरा झालं तरी आपण बडोदंच म्हणतो तसं. अमेरिकेत याच विषयाची वेगळी संस्था आहे, अ‍ॅकॅडमी ऑफ कम्युनिकेशन इन हेल्थकेअर.

सम वर्षी युरोपात असते. २०१२ ला सेंट अँड्र्यूज, २०१४ ला अ‍ॅमस्टरडॅम, २०१६ ला हायडेलबर्ग, २०१८ ला पोर्तो, २०२० ला व्हिएन्ना ठरलं होतं पण करोनामुळे सगळं ऑनलाइन झालं, २०२२ ला ग्लासगो आणि २०२४ ला स्पेनमधलं सारागोसा. मधल्या विषम वर्षांत अमेरिकेत झाल्यात, २०१७ ला बाल्टिमोर, २०१९ ला सॅन दिएगो अशा. या लोकांचं जर्नल आहे 'पेशंट एज्युकेशन अँड काउन्सेलिंग', अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (म्हणजे आपल्या कामाचा थोडक्यात सारांश) लिहायच्या आधी त्यातले पाचसहा लेख चाळून घ्या म्हणजे हवा कुठल्या दिशेची आहे ते कळेल.

बोलण्यात एवढं संशोधन करण्यासारखं काय आहे? बोलणं ते बोलणं.

मलाही तसंच वाटायचं. मग १९८४ चा एक अमेरिकन अभ्यास वाचनात आला, बेकमन आणि फ्रँकेल या दोघांचा. त्यांनी डॉक्टरांच्या ७४ भेटी टेप केल्या आणि पेशंट स्वतःचं दुखणं सांगायला लागल्यापासून डॉक्टर मध्ये कधी तोंड घालतो ते घड्याळ लावून मोजलं. सरासरी १८ सेकंद! आपलं म्हणणं पूर्ण करता आलं असे पेशंट चारात एक पण नव्हते. १९९९ मध्ये दुसऱ्यांनी परत मोजलं तर २३ सेकंद आले, म्हणजे पंधरा वर्षांत पाच सेकंदांची सुधारणा, वा.

आणि २०१७ मध्ये ६७ देशांमधली माहिती गोळा करून कोणीतरी हिशोब मांडला की फॅमिली डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्या ओपीडीची लाइन बघितलीये ना, मग आपण या दोन टोकांपैकी कोणाच्या जवळ ते मी सांगायला नको. पण माझं म्हणणं वेगळंय. वेळ नाही ही तक्रार खरीच आहे, पण जेवढी दोन मिनिटं आहेत त्यात काय बोललं जातं ते तरी कोणी बघतंय का? त्या दोन मिनिटांतच तर सगळा घोळ होतो.

पण आपल्या बडोद्यातलं तिथे कोणाला काय पडलंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, म्हणून जरा लांबण लावते.

आपल्या वॉर्डात एका कॉटभोवती किती भाषा असतात ते मोजा. पेशंट मराठी नाहीतर गुजराती, सिस्टर केरळच्या, त्यांचं हिंदी, रेसिडेंट डॉक्टर कुठल्याही राज्यातला, फाइल इंग्लिशमध्ये, आणि मावशी जी खरं सगळं समजावते ती तीन भाषांची मिसळ करून बोलते. आपल्याला हे रोजचं आहे म्हणून काही वाटत नाही. तिथे युरोपातले लोक दोन भाषा असल्या की एक दुभाष्या बसवतात आणि त्याच्यावर पीएचडी करतात.

एक उदाहरण देते, हे माझ्या डोळ्यासमोर झालंय. एक गुजराती काका, डायबेटिसवाले, इंटर्नला सांगत होते, "पगे खाली चडे छे." इंटर्न नागपूरकडची मुलगी, नवीनच आलेली. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, ताई हे खाली म्हणतायत का चढतं म्हणतायत? आता गुजरातीत खाली चढणं म्हणजे आपल्या मुंग्या येणं, बधिर होणं. आणि त्याच आठवड्यात उलटं झालं. आपल्या एक मराठी आजी, "पायाला मुंग्या येतात" म्हणाल्या, कोणीतरी त्याचं शब्दशः हिंदी केलं, "पैर में चींटियाँ आती हैं", आणि डॉक्टर बिचारा चादर झटकून बघायला लागला की कॉटवर कोणी गोड सांडलंय का. दोघांना एकच गोष्ट होत होती, पायाच्या नसा बधिर होत होत्या. दोघांच्याही फाइलमध्ये त्या दिवशी ती लिहिली गेली नाही.

मग 'गभरामण'. गुजराती माणूस गभरामण थाय छे म्हणतो तेव्हा छातीत कसंतरी होतंय, घाम येतोय, श्वास कोंडतोय, असं काहीही असू शकतं. बाहेरून आलेला डॉक्टर ऐकतो घबराहट आणि लिहितो एन्झायटी. ईसीजी कोण काढणार मग?

आणि 'कल'. हिंदीत कल म्हणजे कालही आणि उद्याही, गुजराती 'काले' पण तसंच, नुसतं काले म्हटलं की पुढचं-मागचं बघून समजायचं. मराठीत काल म्हणजे कालच, होऊन गेलेला. खानदेशातून आलेले एक आजोबा, ऑपरेशनच्या आधी रक्त पातळ करायची गोळी थांबवायची होती. "कालथी बंध" असं त्यांना सांगितलं गेलं, म्हणजे उद्यापासून बंद. त्यांनी ऐकलं कालपासून बंद, म्हणजे आपली आधीच कोणीतरी बंद केलीये, आता विचारायचं कशाला, आणि घरी पुडीत जी गोळी होती ती वेगळी समजून घेत राहिले. ऑपरेशन पुढे ढकललं. कोणाची चूक? कोणाचीच नाही म्हणा, नाहीतर सगळ्यांची.

मी पोर्तोला पोस्टरवर हेच शब्द लावले होते. सगळ्यात जास्त गर्दी कुठे झाली माहितीये? आकड्यांच्या तक्त्यापाशी नाही, मुंग्यांपाशी. एक डच बाई म्हणाली की आमच्याकडे पाय 'झोपतो' म्हणतात.

आणि बडोद्याने हे काम पूर्वी केलेलंय हो. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश काढला होता, आठ भाषांमध्ये, त्यात मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली सगळ्या. कोर्टकचेरीत माणसाला समजलं पाहिजे म्हणून एवढा खटाटोप. आपल्याला वॉर्डातल्या पन्नास शब्दांचा एक कागद करायला काय हरकत आहे?

मी डॉक्टर नाही, नर्स आहे / फिजिओ आहे / काउन्सेलर आहे. चालतं का?

चालतं काय, धावतं. तिथे भाषाशास्त्रवाले असतात, मानसशास्त्रवाले असतात, समाजशास्त्रवाले असतात, नाटकवाले पण असतात जे खोटे पेशंट बनतात. मला एकानेही विचारलं नाही की तुम्ही डॉक्टर का. इथे मात्र अर्ज घेऊन गेले तर पहिला प्रश्न तोच होता.

एमबीबीएसला आम्हाला एटकॉम आहेच, मग वेगळं काय शिकायचं?

एटकॉम आहे ही चांगलीच गोष्ट आहे. मेडिकल कौन्सिलने २०१८ मध्ये त्याचं पुस्तक काढलं आणि २०१९ च्या बॅचपासून अभ्यासक्रमात आलं, अ‍ॅटिट्यूड, एथिक्स आणि कम्युनिकेशन. त्याआधीच्या डॉक्टरांना हे कोणी शिकवलंच नव्हतं, सीनियरचं बघून बघून जे आलं ते आलं. पण लेक्चर हॉलमध्ये शंभरदीडशे जणांना 'सहानुभूती ठेवा' सांगणं आणि समोर रडणारा माणूस बसलेला असताना पहिलं वाक्य कुठलं बोलायचं हे जमणं, यात गोत्री ते मांजलपूर एवढं अंतर आहे. विद्यार्थ्यांनो, तुमच्या एटकॉमच्या क्लासमध्ये काय जमतं काय जमत नाही हाच अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा विषय होऊ शकतो, सर परवानगी देतील तर.

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट कसा लिहायचा?

शब्दमर्यादा दर वेळी वेगळी असते, कॉल, म्हणजे ते मागवणारी सूचना, निघाला की तो नीट वाचा, तिथेच निम्मे लोक मार खातात. साधारण चार भाग, प्रश्न काय होता, काय केलं, काय दिसलं, त्यातून काय समजलं. आणि हे आठनऊ महिने आधी पाठवायचं असतं, कॉन्फरन्स सप्टेंबरात तर तयारी आदल्या दिवाळीपासून धरा.

लोकांची चूक होते ती पहिल्याच ओळीत. "संवाद हा आरोग्यसेवेचा आत्मा आहे" असं काहीतरी लिहितात. अहो तिथे बसलेल्या सगळ्यांना ते माहितीये, म्हणून तर आलेत. त्यापेक्षा सरळ लिहा की आमच्या डिस्चार्ज काउंटरवर इन्हेलर दिलेल्या एवढ्या पेशंटना आम्ही पंप वापरून दाखवायला सांगितला आणि एवढ्यांना जमला नाही. झालं. आकडा लहान असला तरी चालतो, खरा पाहिजे.

प्रश्न सापडत नसेल तर एक सोपं करून बघा. तिकडे ज्याला टीच-बॅक म्हणतात ते. पेशंटला "समजलं ना?" असं विचारायचंच नाही, कारण त्याचं उत्तर आपल्याकडे कायम "हो" असतं, डॉक्टरसमोर नाही कोण म्हणणार. त्याऐवजी म्हणायचं, "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार ते मला सांगा बघू." परीक्षा आपली आहे त्यांची नाही असा सूर पाहिजे, नाहीतर माणूस शाळेत उभं केल्यासारखा गप्प होतो. वीस पेशंटशी हे करा आणि ते काय बोलले ते लिहून ठेवा, प्रश्न आपोआप सापडतो. मला सापडला तो असा की "दिवसातून तीनदा" म्हणजे जेवणाबरोबर तीनदा असं धरून, दोनदाच जेवणारे लोक तिसरी गोळी सोडून देत होते.

एथिक्स कमिटीची (संशोधनात पेशंटवर अन्याय होत नाही ना ते तपासणारी) परवानगी लागते का? नुसतं बोलणंच तर टेप करायचंय.

लागते, आणि आधी लागते. डेटा घेऊन झाल्यावर परवानगी मागायला गेलात तर कोणी देणार नाही आणि देऊही नये. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती वाचा, कंटाळवाणी आहेत पण वाचा. संमतीपत्र पेशंटच्या भाषेत पाहिजे, म्हणजे गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही करा, आणि कृपा करून गुगलकडून भाषांतर करून घेऊ नका, मी एका संमतीपत्रात 'चेहरा झाकून' च्या जागी 'तोंड बंद करून' असं वाचलेलं आहे. टेप केलंत तर नाव, गाव, कॉट नंबर सगळं काढायचं. गावात आपण सगळे एकमेकांना ओळखतो, 'रावपुऱ्यातल्या एक निवृत्त शिक्षिका' एवढ्यावरूनही लोक ओळखतात, हे विसरू नका.

पेशंट जे बोलला ते इंग्लिशमध्ये कसं करायचं?

अर्धवट करा. म्हणजे मूळ शब्द ठेवा आणि खाली अर्थ द्या. "अंगात कसकस आहे", "जीव घाबरा होतो", "डोकं भणभणतंय", "पोटात गुबारा धरलाय", याला इंग्लिश एकेक शब्द शोधत बसलात तर सगळ्याचं पेन आणि डिस्कम्फर्ट होऊन जाईल आणि मग तुमच्याकडे दाखवण्यासारखं उरेल काय? भाषांतर दोघांनी वेगवेगळं करायचं आणि मग ताडून बघायचं. मी आणि आमच्या एक गुजराती सिस्टर असं बसायचो, संध्याकाळी चहाबरोबर, आणि आमचं निम्म्या वेळा जुळायचं नाही. ते न जुळणं पण मी लिहून ठेवलं, परीक्षकांना तेच आवडलं.

माझं इंग्लिश कच्चं आहे. फजिती होईल का?

थोडी होईल. मग काय झालं? तिथे नॉर्वेचे, इटलीचे, पोर्तुगालचे, जपानचे लोक असतात, निम्म्याहून जास्त लोकांची ती मातृभाषा नसतेच. हळू बोला, छोटी वाक्यं बोला. आणि बाकी कुठे नाही पण या कॉन्फरन्समध्ये समोरचा अडखळला तर सगळे थांबतात, कारण थांबणं हाच त्यांचा विषय आहे ना. माझ्या पोस्टरसमोर मी एक शब्द विसरले आणि पूर्ण गप्प झाले तर समोरचा म्हातारा प्रोफेसर नुसता मान हलवत उभा राहिला, घड्याळात बघितलं नाही. मला तेव्हा त्या १८ सेकंदांची आठवण झाली.

पोस्टर कुठे छापायचं?

रावपुऱ्यात, दांडिया बाजारात भरपूर दुकानं आहेत, पण दोन गोष्टी. एक, बहुतेक वेळा साइज ए-झीरो मागतात, ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, आणि उभं की आडवं ते आधी बघा. माझं त्यांनी आडवं छापलं. मी रात्री नऊला घ्यायला गेले, दुसऱ्या दिवशी निघायचं, आणि दुकानदार म्हणतो, "बेन, लग्नाचं बॅनर आडवंच असतं." परत छापायला रात्री साडेअकरा वाजले, आणि तो दिलगिरी म्हणून कोपऱ्यात फुलांची वेल फुकट घालून देत होता, ती काढायला अजून पंधरा मिनिटं. दुसरं, फ्लेक्सवर नको, कापडावर छापा. कापडाची घडी करून बॅगेत जाते, ती लांब नळी विमानात काखोटीला मारून फिरावं लागत नाही.

खर्च किती आणि पैसे कोण देतं?

आकडा सांगत नाही कारण तिकिटांचे भाव रोज बदलतात. खर्चाचे चार ढीग धरा, फी, विमान, राहणं, व्हिसा-इन्शुरन्स. फीच्या पानावर विद्यार्थ्यांचा दर आणि कमी उत्पन्नाच्या देशांचा वेगळा दर आहे का ते बघा, लवकर भरली तर कमी पडते. आयसीएमआर त्यांच्याबाहेरच्या वैद्यकीय संशोधकांनाही परदेशी कॉन्फरन्ससाठी मदत देते, अर्ज बराच आधी करावा लागतो आणि पेपर किंवा पोस्टर मंजूर झाल्याचं पत्र लागतं. युनिव्हर्सिटीत असाल तर आपल्या डिपार्टमेंटमध्ये विचारा, लाजू नका. मी अर्धे पैसे घरचे घातले, अर्धे हॉस्पिटलने दिले, आणि ते मिळायला परत आल्यावर सात महिने लागले, प्रत्येक बिलाची झेरॉक्स तीन वेळा दिली.

व्हिसा?

युरोपातल्या देशात असेल तर बहुतेक वेळा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तुमच्या देशाचं केंद्र अहमदाबादला आहे का मुंबईला ते आधी बघा. ग्लासगोसारखं ब्रिटनमध्ये असेल तर शेंगेन चालत नाही, तो व्हिसा वेगळा. आमंत्रणाच्या पत्रावर तुमचं नाव पासपोर्टसारखं असू दे, वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली सवय तिथे नडते.

मला रोज ईमेल येतात, 'आदरणीय डॉक्टर, आमच्या जागतिक परिषदेत बीजभाषण द्या'. जाऊ का?

नका जाऊ. मी गेलेय, म्हणून सांगते. पोर्तोच्या दोन वर्षं आधीची गोष्ट, नाव घेत नाही. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूर. मला केवढा आनंद, आईने शिरा केला. फी भरली, गाडीने गेले, तर हॉटेलच्या तळघरात एक हॉल, चौदा माणसं, माझ्या आधी एकजण माशांच्या खाद्यावर बोलला आणि माझ्यानंतर एकजण दातांच्या सिमेंटवर. कार्यक्रमात ज्यांचं मोठं नाव छापलं होतं ते आलेच नाहीत, नंतर कळलं त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. सर्टिफिकेट मात्र सोनेरी कडेचं. पैसे परत मागितले तर फोन बंद.

तर खुणा सांगते. एकाच परिषदेत सगळे विषय, एका दिवसात मंजुरी, मंजुरीच्या आधीच फीची घाई, मागे कुठली संस्था आहे ते सापडत नाही, आणि मागच्या वर्षाचा कार्यक्रम विचारला की उत्तर नाही. 'थिंक, चेक, अटेंड' नावाची एक तपासयादी आहे, त्यातले प्रश्न स्वतःला विचारून बघा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे कमिटीतल्या एखाद्या माणसाला त्याच्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर सरळ लिहा की तुम्ही यात आहात का. खरे असतील तर उत्तर देतात.

खाण्याचं काय? मी शाकाहारी.

थेपले, लीलो चिवडो, भाकरवडी. पेंढे मात्र नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बॅगेतून न्यायला बंदी आहे. आणि तिथे 'भाजीचं सूप' म्हणून काही आलं तरी विचारा. पोर्तोला काल्दो व्हेर्दे नावाचं हिरवं सूप असतं, बटाटा आणि पालेभाजी, बघून वाटतं आपलं अळूचं फदफदं, आणि तळाशी सॉसेजची चकती निघते. मी वेटरला "नो मीट?" विचारलं, तो "नो मीट" म्हणाला, आणि त्याच्या हिशोबात ती चकती मीट नव्हतीच. आता हे कम्युनिकेशनच्या कॉन्फरन्सच्या पहिल्या रात्री, बोला.

दिवसभर तिथे करतात काय?

सकाळी मोठं भाषण, मग छोट्या छोट्या खोल्यांमध्ये एकेकाचे पेपर, प्रत्येकाला मोजकी मिनिटं, मग पोस्टर, मग वर्कशॉप. पेपर ऐकून मला झोप यायची खरं सांगते, पण वर्कशॉप चुकवू नका.

मी वाईट बातमी कशी सांगायची याच्या वर्कशॉपला बसले. स्पाइक्स म्हणून एक पद्धत आहे, कॅन्सरच्या डॉक्टरांनी २००० साली मांडलेली, सहा पायऱ्यांची. जागा नीट करा, पेशंटला काय माहितीये ते विचारा, त्याला किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, मग त्याच्या भावनांना जागा द्या, मग पुढचं काय ते ठरवा. हे नाटकासारखं करून बघायचं होतं, त्यात मला पेशंटच्या मुलीचं काम दिलं. मी काय केलं, खोलीच्या दारातच डॉक्टरला अडवून म्हटलं, "बाबांना सांगू नका, ते खचतील." सगळे थांबले. त्यांच्या पायऱ्यांमध्ये दारात उभी असलेली मुलगी नव्हतीच. डॉक्टरचं काम करणारा मुलगा गडबडून म्हणाला, कायद्याने मला त्यांनाच सांगावं लागेल, आणि मी, मी नाही, त्या पात्राने, रडायला सुरुवात केली. मग वर्कशॉप घेणारी बाई म्हणाली परत करू, आणि दुसऱ्यांदा त्याला एवढंच सांगितलं की आधी हिला विचार, तुला कशाची भीती वाटते. त्याने विचारलं. आणि मला पुढे बोलताच येईना कारण आमच्या बाबांच्या वेळेला मी खरंच दारात उभी होते आणि मला हे कोणी विचारलं नव्हतं.

नंतर कॉफीला तीन जण आले विचारायला की तुमच्याकडे असं नेहमी होतं का. म्हटलं, रोज. दिवसातून चारदा.

परत आल्यावर काय फरक पडला?

मोठा काही नाही. डिस्चार्जच्या काउंटरवर "समजलं ना?" च्या जागी "सांगा बघू" सुरू केलं, पहिले दोन महिने छान चाललं, मग गर्दीचा सीझन आला, डेंग्यूच्या दिवसांत सिस्टरांना पाणी प्यायला वेळ नव्हता, बंद पडलं. आता फक्त इन्सुलिन आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांसाठी करतो, तेवढं टिकलंय. आणि शब्दांचा एक कागद भिंतीवर लावलाय, तीन रकाने, मराठी, गुजराती, हिंदी. पहिल्या ओळीत मुंग्या येणं, खाली चढणं, झुनझुनी. नवीन इंटर्न आले की आधी त्याचा फोटो काढून घेतात. कोणीतरी पेनाने खाली 'कल' लिहून त्याच्यापुढे "तारीख बोला!!" असं लिहून ठेवलंय, अक्षर ओळखीचं वाटत नाही.

पेशंट किंवा नातेवाईक म्हणून कोणी येऊ शकतं का?

येतात, आणि बोलतातही. आपल्याकडून कोणी जाताना अजून पाहिलं नाही.

सर्टिफिकेट मिळतं का?

मिळतं, ईमेलवर येतं, प्रिंट आपली आपण काढायची. सोनेरी कड नसते.